स्वातीच्या गाण्याची खोली

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या, माझी शाळा आठवीतच सुटली. मी मिरजोळ्यात गाद्या शिवतो. शेजारच्या स्वातीला गाणी रेकॉर्ड करायला खोली हवी होती. भिंतींना लावायला मी कापसाच्या जाड गाद्या सुचवल्या.

"आवाज बाहेर जाता नये हां," तिचे बाबा म्हणाले.

"काका, गादीने आतला घुमणारा आवाज मरतो. बाहेर जाणारा थांबवायचा तर खिडकीच्या फटी बुजवायला हव्यात."

"मग बुजव की!"

स्वाती हसली. "बाबा, मी गायला लागले की ह्याचं मशीन थांबतं. ह्याने मग ऐकायचं कुठून?"

माझी मान काही वर झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फटींना रबरी पट्ट्या लावल्या आणि बाहेर उभा राहिलो. काचेपलीकडे नुसते तिचे ओठ हलत होते.

"काम झालं, काका," मी म्हटलं.