अनंतरावांच्या तळहातावरची गोळी

बसा, बसा. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजी रिकामी आहे. मला माइक नको. माझा आवाज पोचतो. आणि नाहीच पोचला, तर समजून घ्या.

शैलावहिनींना जाऊन किती दिवस झाले, ते मी मोजलेले नाहीत. मोजायचे नाहीत असं ठरवलंय. मी मोजमापाचा माणूस, म्हणूनच. कल्याणला माझं दुकान आहे, रक्तदाब मोजायची यंत्रं मी दुरुस्त करतो. कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. पहिलं यंत्र उघडलं, बिघडवलं, पुन्हा जोडलं, तसा शिकलो. आज ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतचे डॉक्टर माझ्याकडे यंत्रं पाठवतात, ते उगाच नाही. काटा एक रेघ इकडेतिकडे असला तरी मला अन्न गोड लागत नाही. पण सध्या सगळं धूसर दिसतं, कुठली रेघ कुठे आहे ते कळत नाही.

मंडळी, इथे बसलेला प्रत्येक जण वहिनींच्या हातचं जेवलाय. डोंबिवलीत गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं. त्यातलं एक त्यांचं, घरच्याच ओट्यावरचं. त्यांचे यजमान अनंतराव, माझे मित्र, इथे पुढे बसलेत. त्यांची बायपास झाली. घरी आल्या आल्या वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, आता या घरात दोन चवी शिजणार नाहीत. यांना जे, तेच गिऱ्हाइकाला.”

म्हटलं, “वहिनी, धंदा बसेल.”

“तुम्ही तुमचा काटा सांभाळा,” म्हणाल्या.

धंदा बसला का? नाही बसला. कारण त्यांनी घाई केली नाही. मीठ एकदम काढलं असतं तर गिऱ्हाईक पळालं असतं. त्या चिमूट चिमूट कमी करत गेल्या. आमटीवरचा तेलाचा तवंग असाच हळूहळू विरला. पापड गेला, लोणचं गेलं, जवसाची चटणी आली. मुगाची उसळ, पालेभाजी, ज्वारीची भाकरी. कोणाला पत्ता नाही. एक दिवस आपल्यालाच बाहेरचं खारट लागायला लागलं. आठवतंय ना? आपण हॉटेलवाल्याशी भांडलो होतो!

अनंतराव रोज पहाटे खाडीकडे फिरायला जायचे. वहिनी सोबत. कधी मीही. थंडीत खाडीवर धुकं असायचं, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. त्या पांढऱ्यात हे दोघं पुढे चालताना पायच दिसायचे नाहीत. तरंगत चालल्यासारखे. आणि धुक्यातून वहिनींचा आवाज यायचा, “अहो, बोलता बोलता धाप लागतेय, हळू चाला.” त्यांच्या धापेवर लक्ष. त्यांच्या पावलांवर लक्ष.

आणि स्वतःवर?

रविवारी मी यंत्र घेऊन जायचो. अनंतरावांचा दाब मोजून झाला की म्हणायचो, “वहिनी, आता तुमचा हात.” मी विचारलं नाही असं नाही. दर वेळी विचारलं. “माझं काय मोजताय? मला काय धाड भरलीय? चहा घ्या, बिनसाखरेचा आहे.” झालं. विषय संपला.

शेवटी शेवटी त्या दुपारी आडव्या व्हायच्या. पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये दुखतंय म्हणायच्या. एकदा जबडा दुखला, तर म्हणाल्या दाढ. मळमळलं, तर पित्त. कोकम सरबत प्यायल्या आणि पुन्हा पोळ्या लाटायला बसल्या. इथल्या सगळ्या वहिनी, मावशी, काकू, नीट ऐका. छातीत कळ यायलाच हवी असं नाही. बाईचं हृदय पुष्कळदा असंच बोलतं. पाठीतून, जबड्यातून, थकव्यातून, घामातून. तेव्हा सरबत करत बसायचं नाही. तडक हॉस्पिटल. त्या दिवशी वहिनींना हॉस्पिटलात नेताना रिक्षात मेधा, त्यांची मुलगी, त्यांचा हात धरून होती. त्या तिला म्हणाल्या, “बाबांची संध्याकाळची गोळी राहिली गं.” हे शेवटचं.

मंडळी, आज मी याच गोळीबद्दल बोलायला उभा आहे.

परवा मेधाने मला फोन केला. “काका, बाबा गोळ्या घेत नाहीयेत. आई गेल्यापासून पाकीट तसंच आहे.” मी गेलो. घरात चूल पेटली नव्हती, म्हणून आपल्यासारख्यांनी मायेने पाठवलेले डबे ओट्यावर होते. तुपाने थबथबलेली खिचडी. तळलेली मिरगुंडं. समोरच्या कुंदाकाकूंना म्हटलं, “काकू, यांची बायपास झालीय.” तर म्हणाल्या, “अहो, दुःखात ताकद नको का माणसाला?” काकू, हसा, हसा. मी रागावलेलो नाही. पण उद्यापासून डब्यात मीठ वहिनींच्या हिशेबाने.

अनंतराव खिडकीत बसले होते. विचारलं, “गोळ्या?”

“घेईन.”

“कधी?”

“घेईन म्हटलं ना!”

मग म्हणाले, “सुभाष, ती माझ्या तळहातावर ठेवायची रे. पाणी द्यायची आणि गिळेपर्यंत समोर उभी. पोलीस. आता माझ्याच हाताने माझ्याच हातावर ठेवली, तर मग ती खरंच गेली.”

मी ओट्यावरचे डबे झाकले आणि घरी आलो.

काल पहाटे स्वप्न पडलं. आपल्या गल्लीतली सगळी स्वयंपाकघरं एकमेकांना जोडलेली, मध्ये भिंतच नाही. सगळीकडे वाफ. वहिनी या ओट्यावरून त्या ओट्याकडे जातायत, झाकण उचलतायत, वास घेतायत, पुढे जातायत. मी मागून हाक मारली, “वहिनी, हात द्या ना.” म्हणाल्या, “थांबा, यांचं व्हायचंय अजून.” आणि वाफेत शिरल्या.

सकाळी दवाखाना उघडला तसा मी अनंतरावांना डॉक्टरांकडे नेलं. आले निमूट. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या पुन्हा लिहून दिल्या, आणि स्पष्ट सांगितलं की या अशा मनाने बंद करायच्या नसतात, जिवावर बेततं. काल संध्याकाळी घेतली नाही. आजची त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आहे. हे सगळं तुमच्यासमोर बोलायला मी त्यांची परवानगी मागितली होती. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

वहिनी, नमस्कार करतो. तुम्ही रांधून जपलेला माणूस आम्ही वाया जाऊ देणार नाही.

आता आपण सगळे उभे राहू या, शांत. अनंतराव, तुम्ही बसूनच राहा. मेधाने तुमच्या डाव्या हाताला पाण्याचा पेला ठेवलाय. आम्ही सगळे डोळे मिटतोय. मीसुद्धा. कोणी बघणार नाही, कोणी विचारणार नाही. आणि मंडळी, पेला खाली ठेवल्याचा आवाज येईपर्यंत कोणीही डोळे उघडायचे नाहीत. कितीही वेळ लागो.

मिटा डोळे.