पानांचा अर्क

धाकटी : गोळी कधीपासून बंद केलीस, दादा? डॉक्टर मला विचारत होते. मला काही सांगता येईना.

दादा : झाले असतील चार महिने.

धाकटी : कोलेस्टेरॉलची गोळी अशी आपल्या मनानं सोडतात?

दादा : आपल्या मनानं कुठं? पेपरात तुझा फोटो आला होता ना, पांढऱ्या कोटातला? ‘पानांचा अर्क कोलेस्टेरॉलवर गुणकारी.’ ते कात्रण दुकानात शिलाई मशीनच्या वरच चिकटवलंय. गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं, की आधी ते वाचतं.

धाकटी : ते उंदरांवर केलं होतं रे.

दादा : उंदरांवर?

धाकटी : सहा आठवडे अर्क पाजला. त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं. लोखंडाला गंज चढावा तशी पेशींची झीज होते, तीही कमी झाली. माणसांवर अजून काहीच केलेलं नाही.

दादा : पेपरात उंदराचं नावही नव्हतं.

धाकटी : मी वार्ताहराला सांगितलं होतं. छापताना गाळलं त्यांनी. मला दिसलं होतं ते.

दादा : मग?

धाकटी : एक फोन करायचा होता. केला नाही. सगळे अभिनंदन करत होते... बरं वाटत होतं.

दादा : मी तुला विचारलं होतं, पानं उकळून घेऊ का म्हणून.

धाकटी : हो. मी घाईत होते. ‘घे, काही होत नाही’ म्हणाले. गोळी चालू आहे ना, एवढं तरी विचारायचं!

दादा : मीही मुद्दामच नाही बोललो. रागावली असतीस. त्या गोळीनं पोटऱ्या भरून यायच्या, मशीनवर पाय चालायचा नाही.

धाकटी : मला सांभाळून घेऊ नकोस. काल छातीत कळ आली म्हणून तुला आत नेलं, तेव्हा वहिनी माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

दादा : बोलेल. रडू नकोस, ऐक. मी एकट्यानंच नाही प्यायलो. शेजारच्या घड्याळवाल्याला दिली पानं. आणि आपल्या हेडमास्तरांना. ‘माझी बहीणच सांगतेय’ म्हटलं.

धाकटी : त्यांनीही गोळ्या सोडल्या?

दादा : घड्याळवाला कुणाच्या बापाचं ऐकत नाही, त्याच्या चालू आहेत. हेडमास्तरांनी सोडल्या. मी इथं पडल्यापासून तेच डोळ्यांपुढं येतायत.

धाकटी : नंबर दे.

दादा : त्यांना कमी ऐकू येतं. मोठ्यानं सांगावं लागेल.

(ती फोन लावते.)

धाकटी : सर, मी शिंप्याची बहीण... हो, तीच पेपरातली. सर, तो प्रयोग उंदरांवर होता. उंदरांवर! ...नाही, नाही, तुमच्या घरात नाही. माझी चूक झाली, सर... चूक! माझी! ...हो, माझीच. गोळ्या सोडायच्या नव्हत्या, परत सुरू करायचं आजच डॉक्टरांना विचारा. गोळ्यांचा डबा आहे ना अजून घरात? ...थांबते, सर. सावकाश शोधा.