साखर न घातलेली क्लोपोव्का

हॅलो?

… हो, मीच. बोल ओकबुन.

… पोचले गं, पोचले. आन्सानमध्येच आहे. विमान वेळेवर होतं… नाही, फोन बंद नव्हता. वाजत होता. घेतला नाही एवढंच.

… क्लोपोव्काची टोपली?

… नाही. टोपली नाही आली.

… हरवली नाही. कोरियात उतरल्या उतरल्या, इंचॉनच्या विमानतळावरच काढून घेतली. फळं, रोपं, बिया तपासतात ना, त्या खिडकीवर. आधी कुत्रं आलं आणि माझ्या पिशवीपाशी बसलं. भुंकलं नाही की काही नाही. नुसतं बसून राहिलं, शहाण्यासारखं.

… हो, सगळी. एक दाणासुद्धा नाही सोडला.

… ओरडू नकोस. अगं ऐक ना… हो, मला माहितीये तू डोंगरावर गुडघे टेकत टेकत वेचलीस. हो, अस्वल आलं होतं, वीत्याने डबा वाजवून हाकललं, तेही माहितीये. तुझ्या नवऱ्याचा पराक्रम मी तिथे कोणाला सांगणार होते?

… पोरगीच होती एक. आपल्या नाताशाच्या वयाची. आजी, आजी करत होती. म्हणाली, आजी, बाहेरच्या देशातलं ताजं फळ आत नेता येत नाही. त्यात किडी असतात, रोग असतात, इथल्या बागांना लागतात. मी म्हटलं, बाई गं, हे बागेतलं नाहीच, साखालिनच्या जंगलातलं आहे. तर म्हणाली, मग तर नाहीच नाही.

… विचारलं ना! फळ निरोगी आहे असा तिकडच्या सरकारचा दाखला लागतो, पण तो असला तरी हे फळ चालणार नाही म्हणे. यंत्रात नाव शोधलं, तेही तिला सापडेना. मग विचारते, आजी, हा वास कसला? मी म्हटलं, ढेकणाचा.

… अगं, खरं तेच सांगितलं! क्लोपोव्का म्हणजे रशियनमध्ये ढेकणाचं फळच ना? आणि माझी कोरियन ही अशी, आईकडून उचललेली, जुनाट. ढेकूण ऐकलं मात्र, पोरगी उठली आणि हातमोजे बदलून आली.

… हस, हस. मला नाही आलं हसू.

… शेवाळ? ते तर विचारूच नकोस. खाली अंथरलेलं ओलं शेवाळ बघितलं आणि तिने साहेबाला बोलावलं. त्याला माती होती ना. माती तर मुळीच चालत नाही… हो, फळ थंड राहावं म्हणून, हो. आईसुद्धा तसंच आणायची. मी तुला बोल लावत नाहीये.

… नाही गं, उद्धट नव्हते. उलट साहेबाने एक दाणा चिरला आणि भिंगाखाली धरून दाखवला. अळी होती. इवलीशी, पांढरी. हलत होती. आजी, बघा, म्हणाला. मी बघितली. आपल्याच डोंगरावरची.

… मग काय, सही केली. परत पाठवायचं की नष्ट करायचं, विचारलं. मी म्हटलं, करा नष्ट.

… कसं म्हटलं म्हणजे? तोंडाने म्हटलं.

… हो. हो, तू म्हणाली होतीस. उकळून देते, मुरंबा करून, बाटलीत बंद. ते चाललं असतं. विचारलं मी. शिजवलेलं चालतं म्हणाली ती पोरगी… मीच नको म्हटलं, मान्य. पण आई काय म्हणाली होती फोनवर? शिजवली की चव मरते. कच्ची आण, साखर मी माझ्या हाताने घालीन. महिनाभर बाई धड जेवली नाही, पेजेचा घास तोंडातून बाहेर काढायची, आणि मागितलं ते एवढंच. मुरंबा नेला असता तर बरणी फेकून मारली असती तिने मला.

… तुला मारलीच होती एकदा, हो. कानावरून गेली होती.

… कोण, आई?

… सांगते. तू बसलीयेस का? … वीत्या आहे घरात? … बरं, असू दे बाहेर. तू बस.

ओकबुन, आई गेली गं.

… आज दुपारी. मी त्या खिडकीपाशी नियम ऐकत उभी होते, तेव्हाच. पार्क मावशी होत्या जवळ. तिच्या घरातल्या सोबतीण, त्याच. म्हणाल्या, बसल्या बसल्या कलंडली.

… ओकबुन? … आहे मी. ऐकतेय.

… रड.

… नाही, मी नाही रडले. येतच नाहीये. मगाशी पायात बूट आहेत की नाहीत, तेसुद्धा वाकून बघावं लागलं मला.

… दवाखान्याच्या शोकगृहात. जिन्यावर बसलेय. आत फोटो लावलाय तिचा. इकडे कायमची राहायला आली तेव्हाचा… हो, कोरियाने म्हाताऱ्यांना परत बोलावलं आणि आपल्याला, पोरांना, साखालिनलाच ठेवलं, तेव्हाचाच. तू म्हणायचीस ना, फोटोत रागावलेली दिसते. दिसते खरी.

… इथला माणूस विचारून गेला, फोटोच्या पुढ्यात फळं कुठली मांडायची? सफरचंद, नासपती, काय आवडायचं त्यांना? मी म्हटलं, मांडा काहीही.

… गेले होते ना घरी, तिचे कपडे आणायला. स्वयंपाकघरात काचेची बरणी होती. धुऊन उपडी घातलेली. शेजारी साखरेचं पाकीट, कोपरा कापलेला, आणि लाकडी चमचा. मावशी म्हणाल्या, काल संध्याकाळीच मांडून ठेवलं तिने. मला हात लावू दिला नाही म्हणाल्या.

… हो.

… तू ये. उद्याचं विमान बघ. वीत्याला सांग तिकिटाचं.

… काय आणू म्हणजे? … आहे ना अजून तुझ्याकडे? तळघरातली बादली? … मग तीच आण.

… अगं तशी नको! तशी नाही सोडणार. आज रात्रीच उकळ. साखर भरपूर घाल, चांगली रटरटू दे, मग बाटलीत भर. झाकण घट्ट लाव. आणि शेवाळ नको.

… हो. मरते चव. माहितीये मला.

… मरू दे, ओकबुन. आता कोण बरणी फेकून मारणार आहे आपल्याला?

… हं. ठेवते. आत बोलावताहेत.