पेडलपाशी धरून राहिलेला तुकडा

ब्रॉन: तो डबा खाली ठेव, डॅड. सुतारी गोंद आहे तो, गाडीच्या कार्पेटला नाही चालायचा.

क्लॅरी: ह्याच गोंदाने तुझ्या आईचं शिवणाचं टेबल जोडलं होतं. अजून हललेलं नाही.

ब्रॉन: ते टेबल घरात सावलीत आहे. ही गाडी भर उन्हाळ्यात, जानेवारीत बाहेर उभी असली की सीटवर टॉवेल टाकल्याशिवाय तू स्वतः बसत नाहीस. त्यातून मधल्या उंचवट्याखालून धुराचा पाइप जातो. वरून भाजतंय, खालून भाजतंय. हा गोंद आठवडाभरात सोडून देईल.

क्लॅरी: मग हा फवाऱ्याचा घे. पटकन होईल.

ब्रॉन: त्याने माझी टिली शाळेत कागदाची फुलं चिकटवते. मी आणलंय ते सोल्युशन लावायचं, उन्हात टिकणारं. आमच्या कारखान्यात कॅरॅव्हॅनच्या भिंतींना हेच लावतात. आणि सिगरेट विझव. ह्याची वाफ पेट घेते.

क्लॅरी: गाडी माझी, शेड माझी, आणि हुकूम हिचा.

ब्रॉन: विझव.

क्लॅरी: विझवली. बघ, विझवली.

ब्रॉन: आणि पायात काहीतरी घाल. सगळीकडे स्क्रू पडलेत.

क्लॅरी: जन्मभर खाणीत लोखंडी टोकाचे बूट घातले मी. आता ह्या शेडमध्ये माझ्या पायांना सुट्टी आहे. बरं, ऐक. तू मागचं घे, पुढचं मी बघतो. पेडलपाशी डोकं खाली घालून वाकावं लागतं. तुझी कंबर धरेल.

ब्रॉन: पुढचं जुनं कार्पेट मी काढलंसुद्धा. तू खिम्याच्या पेस्टी आणायला बेकरीत गेला होतास तेव्हा.

क्लॅरी: सगळं?

ब्रॉन: सगळं.

क्लॅरी: तुला कोणी सांगितलं होतं? मी म्हटलं होतं ना, मी आल्यावर करू म्हणून.

ब्रॉन: लवकर उरकावं म्हटलं. उद्या टिलीची नेटबॉलची मॅच आहे मेनिंडीला, आणि आजोबाच नेणार म्हणून ती घरभर सांगत सुटलीय. ब्रश दे तो, रुंदवाला. आणि सगळ्या पत्र्याला फासू नकोस. मधला उंचवटा, कडा, आणि पेडलपुढची चढण, बस्स. बाकीचं मोकळं सोडायचं. कधी पाणी शिरलं तर उचलून वाळवता आलं पाहिजे.

क्लॅरी: पेडलपुढे मात्र भरपूर लाव. तिथलंच सुटलं होतं. कडा वर आली, ॲक्सिलरेटरवर अडकली, आणि...

ब्रॉन: आणि गाडी बोलिंग क्लबच्या कुंपणातून आत हिरवळीवर गेली. ऐकलंय मी.

क्लॅरी: ऐकलंयस ना? मग?

ब्रॉन: सगळ्या गावाने ऐकलंय. तू पोलिसाला सांगितलंस, क्लबात सांगितलंस, बेकरीतसुद्धा सांगितलंस. कोणी विचारलं नव्हतं तरी.

क्लॅरी: लोकांना कळायला नको, गाडीत काय बिघाड होता ते?

ब्रॉन: हे सोल्युशन दोन्हीकडे लावायचं. पत्र्यालाही आणि कार्पेटच्या पाठीलाही. मग थांबायचं. ओलं असताना चिकटवलं तर धरत नाही.

क्लॅरी: किती थांबायचं?

ब्रॉन: बोटाची मागची बाजू टेकवून बघायची. बोटाला लागलं नाही की तयार. आणि एकदा टेकवलं की संपलं, सरकवता येत नाही. तू त्या बाजूच्या कडेला लाव. पातळ. भाकरीला लोणी फासल्यासारखं नको.

क्लॅरी: कळलं.

ब्रॉन: डॅड, तो कोपऱ्यातला जुना तुकडा बघितलास?

क्लॅरी: कुठला?

ब्रॉन: पेडलपुढचा. मला तो काढता येईना. खरवडायच्या पट्टीने पाऊण तास झगडले. कार्पेट फाटलं, खालचा फोम फाटला, पण गोंदाने पत्रा सोडला नाही. अजून आहे बघ, खपली धरल्यासारखा. बाकी सगळीकडे सुटलं होतं, फक्त तिथे नाही.

क्लॅरी: थोडी कडा सुटली असेल.

ब्रॉन: कडासुद्धा नाही.

क्लॅरी: तू तिथे होतीस? गाडी तू चालवत होतीस?

ब्रॉन: नाही. नेव्हिल होता. तो क्लबातल्या बाकावरून चहा आणायला उठला, आणि तू त्या बाकावरून गाडी नेलीस.

क्लॅरी: नेव्हिलला मी नवीन बाक करून देतोय.

ब्रॉन: बाकाचं कोण विचारतंय?

क्लॅरी: मग कशाचं विचारतेस? स्पष्ट विचार. तोंडात गुळणी धरून सकाळपासून डोळे वटारते आहेस. मला वाटलं, पेस्टीत मीठ कमी आहे.

ब्रॉन: कार्पेट सुटलं नव्हतं. मग काय झालं?

क्लॅरी: सांगितलं ना काय झालं ते.

ब्रॉन: नाचता येईना अंगण वाकडं.

क्लॅरी: बापाशी बोलतेस तू.

ब्रॉन: माहितीये. म्हणूनच शेडमध्ये बोलतेय, बेकरीत नाही. उद्या माझी पोरगी ह्या गाडीत बसणार आहे. तू मला खरं सांगितल्याशिवाय ती बसणार नाही.

क्लॅरी: तुला पोहायला कोणी नेलं? दातांसाठी ॲडलेडला कोणी नेलं, रात्रभर गाडी चालवून? रस्त्यात कांगारू आडवा आला तेव्हा तुझी झोपसुद्धा मोडू दिली नव्हती मी. ह्या रस्त्यांवर माझ्याइतकी गाडी कोणी चालवलीय ते दाखव मला.

ब्रॉन: कोणी नाही. ते मी टिलीला रोज सांगते.

क्लॅरी: मग झालं तर. बोट लावून बघ, वाळलं का.

ब्रॉन: अजून नाही. बोटाला लागतंय. डॅड...

क्लॅरी: आता काय?

ब्रॉन: हलू नकोस.

क्लॅरी: साप आहे?

ब्रॉन: नाही. खाली बघू नकोस. माझ्याकडे बघ. तुझा उजवा पाय कशावर आहे?

क्लॅरी: कशावर म्हणजे? जमिनीवर.

ब्रॉन: नीट सांग.

क्लॅरी: सिमेंटवर. सपाट आहे, गार आहे. काय पोरखेळ लावलायस?

ब्रॉन: गाडीच्या दाराखालची पट्टी आहे ती, डॅड. स्क्रू वर करून ठेवलेली. तू त्या स्क्रूवर उभा आहेस. रक्त येतंय.

(शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत राहतं.)

क्लॅरी: बरंच आहे की.

ब्रॉन: बस इथे. ह्या पालथ्या बादलीवर. पाय वर कर. दुखतंय?

क्लॅरी: नाही.

ब्रॉन: इथे दाबते. आता?

क्लॅरी: तू दाबते आहेस ते दिसतंय.

ब्रॉन: कधीपासून?

क्लॅरी: थंडीत सुरू झालं. आधी बोटं. मला वाटलं गारठ्याने असेल. मग उन्हाळा आला, तरी तसंच. साखरेचं आहे ते, माहितीये मला. वडिलांचंही असंच झालं होतं.

ब्रॉन: डॉक्टरीणबाईंना सांगितलंस?

क्लॅरी: त्यांना सांगितलं असतं तर लायसन्स त्यांनी तिथेच ठेवून घेतलं असतं.

ब्रॉन: मला सांगायचं.

क्लॅरी: तू तर लायसन्ससकट किल्लीही घेतली असतीस.

ब्रॉन: घेतली असती.

क्लॅरी: त्या दिवशी मी ब्रेक दाबत होतो, ब्रॉन. जिवाच्या आकांताने दाबत होतो. गाडी पळतच होती. मी म्हटलं ब्रेक गेले. कुंपण आलं, बाक आला, हिरवळ आली. थांबल्यावर खाली बघितलं तर पाय दुसऱ्याच पेडलवर होता. माझाच पाय, आणि मला डोळ्यांनी बघून कळलं तो कुठे आहे ते.

ब्रॉन: घट्ट धर हे फडकं.

क्लॅरी: पोलिसाने विचारलं, काय झालं काका? तेव्हा मागच्या सीटखाली कार्पेटची कडा वर आलेली दिसली. तोंडातून तेच निघून गेलं. एकदा निघालं की मग तेच सांगत बसावं लागतं.

ब्रॉन: आणि तरी उद्या टिलीला घेऊन निघाला होतास.

क्लॅरी: ती मॅच हरली की घरी येताना एक शब्द बोलत नाही. जिंकली तर गाणी म्हणते, बेसूर. मागची सगळी सीट तिची. त्या एका दिवसासाठी मी बाकीचा आठवडा काढतो, पोरी. तुझी आई गेल्यापासून.

ब्रॉन: मला ठाऊक आहे.

क्लॅरी: ठाऊक असून काय उपयोग? म्हातारा घरात बसवलास की संपला.

ब्रॉन: मी कुठे म्हटलं घरात बस? मी म्हटलं, चालवू नकोस. ह्यावर आज टाके पडणार आहेत, आणि बाईंना पायाचं सगळं सांगायचं. मी बरोबर येते.

क्लॅरी: तू नको. मी सांगेन.

ब्रॉन: मी बाहेर बसेन.

क्लॅरी: बाहेर बस. ... वाळलं असेल ते. बोट लाव.

ब्रॉन: आधी दवाखाना.

क्लॅरी: रक्त थांबलंय, बघ. सोल्युशन थांबणार नाही. फार वाळलं तर पुन्हा सगळं खरवडावं लागेल. तूच म्हणालीस, एकदाच संधी. त्या बाजूने उचल.

ब्रॉन: तू पाय टेकू नकोस. गुडघ्यावर रहा. मधला उंचवटा आधी. मी म्हणेपर्यंत टेकवायचं नाही. जरा माझ्याकडे. अजून. हां, आता सोड. मधून बाहेर दाबत ये, तळहाताने.

क्लॅरी: हाताला अजून सगळं कळतं.

ब्रॉन: मग हातानेच कर. पेडलपुढचंही तूच दाब.

क्लॅरी: बसलं. सुरकुती नाही एकसुद्धा. ओढून बघ.

ब्रॉन: नाही येत. पक्कं धरलंय.

क्लॅरी: टिलीला मी कार्पेटचंच सांगितलं होतं. आता तिला काय सांगायचं ते मी बघतो. तू मध्ये पडू नकोस.

ब्रॉन: नाही पडत. चल माझ्या गाडीतून, दवाखाना आधी. काढलेली सीट परत आल्यावर लावू.

क्लॅरी: ब्रॉन.

ब्रॉन: काय?

क्लॅरी: सीट बसवताना पुढे सरकवून बसव. तुझे पाय माझ्याइतके लांब नाहीत.