हिरवा दिवा आणि अर्धी काकडी

"हॅलो? … हो, सुप्रियाच. … अगं आवाज येतोय. तू बोलू नको, ऐक."

खालापूरच्या बादल्यांच्या कारखान्यात सुप्रिया दुरुस्ती बघायची. तिची आयटीआयची मैत्रीण सुनिता पुण्याच्या ज्या कंपनीत लागली होती, त्या कंपनीनंच फुटक्या बादल्या भरडायचं नवं यंत्र पाठवलं होतं आणि त्याच्या सुरक्षेच्या कंट्रोलरची सगळी जुळणी सुनितानं केली होती. आता यंत्र ताब्यात मिळाल्याच्या कागदावर सुप्रियाची सही तेवढी हवी होती. त्यासाठी सुनिताचा सकाळपासून हा चौथा फोन.

"सही कशाची करू? तुझ्या हुशारीची? … नाय गं, राग कसला. ऐक ना. बंदचं बटण दाबलं की हिरवा दिवा लागतो. बरोबर? … आणि दाराचं कुलूप सुटतं. त्याच क्षणाला. बरोबर? … मग आत पाती फिरत असतात, बाई. बारा सेकंद. मी मोजलेत."

पलीकडून व्याख्यान सुरू झालं. दिवा म्हणजे नुसती माहिती, त्याच्यावर कुणाची सुरक्षा नसते, यंत्राच्या पुस्तकात पहिल्याच पानावर ठळक छापलंय. सुप्रियानं फोन कानापासून चार बोटं लांब धरला आणि यंत्रावरची धूळ पुसून घेतली.

"झालं वाचून? … हो, हो, मला ठाऊक हाय. कंट्रोलर दोन तऱ्हेचे निरोप धाडतो. एक जिवाचे. त्यांत काय बिघडलं तर यंत्र आपणहून थांबतं. दुसरे नुसते सांगायचे, दिवा लाव, पडद्यावर अक्षरं दाखव. ते चुकले तरी कुणी विचारत नाय. … शाबास. मग दाराचं कुलूप तू कुठल्या निरोपावर टांगलंस?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"हॅलो? … गेलीस का? … मग सांग की."

सुनितानं सांगितलं, पण आवाज निम्म्यावर आला होता. जिवाच्या बाजूला वायर जोडायला जागाच उरली नव्हती. दिव्याच्या वायरीशेजारी एक मोकळी दिसली.

"मोकळी दिसली. … एसटीत दिसते तशी? आणि टाकलास रुमाल. … कुणाला काय फरक पडतो? हिरामणकाकाला पडतो. … कोण म्हणजे? पुण्याला जाऊन सहा महिने झाले नाय तोवर माणसं विसरलीस? आमच्या पोशीरचा, भजनात मृदंग वाजवतो तो. तुझ्या ताईच्या हळदीला भिवपुरीला येऊन रात्रभर वाजवला त्यानं. … हां, तोच. हे यंत्र त्याच्याकडंच हाय."

हिरामणकाका जुन्या यंत्रावर अठरा वर्षं होता. त्या यंत्राला दणकट ब्रेक होता. हिरवा लागला की पाती थांबलेलीच, हिरवा म्हणजे घाल हात. बादलीची कडी अडकली की काका दिव्याकडं बघायचा, पात्यांकडं कधीच नाही.

"काय लावू? पाटी? 'बारा सेकंद थांबा'? … वाचेल की. एक हात गेल्यावर दुसऱ्या हातात धरून वाचेल. … मी काय वाईट बोलते? मी काय केलं ते ऐक. डब्यातली काकडी घेतली. पक्कडीत धरली. बटण दाबलं, दिवा लागला, दार उघडलं, काकडी पुढं केली. … अर्धी उरली, सुनिता."

आता सुनिताचा सूर बदलला. नोकरी पक्की झाल्याचं पत्र याच सहीवर अडलंय, साहेब केबिनच्या काचेतून बघतोय, आज सही दे, सोमवारी गुपचूप येऊन नीट करते.

"सोमवारपर्यंत काकानं काय करायचं? हात घरी ठेवून यायचं? … रडू नको. … अगं, रडू नको म्हणते ना. एक सांग. आयटीआयमध्ये मी न तपासता वायर धरली, तेव्हा माझ्या मनगटावर स्क्रू ड्रायव्हरचा दांडा कुणी हाणला होता? … वळ आठ दिवस होता. … तूच ना? मग त्या सुनिताला दे फोन. मला तिच्याशी बोलायचंय."

मग सुनितानं नाक ओढलं आणि एकदम कामाचं बोलायला लागली.

"हां. … पाती थांबली का बघणारा सेन्सर, मगच कुलूप सुटणार. … कंट्रोलरला आणखी एक डबी जोडली की जागा होते? मग आधी का नाय जोडलीस? … बरं, साहेबाला खरं सांग. … सांग गं, खात नाय तो. … उद्याच? सकाळच्या गाडीनं कर्जतला उतर, मी स्कूटी घेऊन येते. … सही मिळेल. आधी काकडी धरायची, ती पण तू. … ठेव आता."

तिनंच फोन ठेवला. यंत्राचा मेन स्विच पाडला, त्याला आपलं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

मागून हिरामणकाकानं विचारलं, आज चालू होतंय का नाय.

"उद्या, काका," म्हणत तिनं उरलेली अर्धी काकडी त्याच्यापुढं धरली. काकानं ती कुठून आली ते विचारलं नाही. दोन घासांत संपवली, हात पँटला पुसले, एक बादली उपडी करून पुढ्यात घेतली आणि रिकामा वेळ मिळालाच आहे म्हणून तिच्यावर ठेका धरला. दहाही बोटांनी.