राजाला न येणारी भाषा

मनोरची गाडी लागेपर्यंत प्रतीक्षा बोईसरच्या स्टँडवर शेजारच्या आजी-नातीचं बोलणं ऐकत बसली होती.

"एके काळी इंग्लंडच्या राजालाच इंग्रजी येत नव्हतं, आजी. दरबारात सगळं फ्रेंच. काल कॉलेजात शिकवलं."

"काय सांगते, तेजल! मंग इंग्रजी बोलायचा कोण?"

"गुरं राखणारे, शेतावर राबणारे."

"म्हंजे आमीच की!"

"मोठे लोक त्यांच्या बोलीला हसायचे."

"तरी सोडली नाय त्यांनी?"

"नाय. घरात पोरांशी तीच बोलत राहिले."

आजीचा हात तोंडावर गेला तो तिथेच राहिला. गाडी लागली तशी ती उठली आणि आपल्या पाड्याच्या बोलीत नातीला काहीतरी म्हणाली. परगावच्या प्रतीक्षाला त्यातलं अक्षर कळलं नाही. अर्थ विचारावा म्हणून तिने तेजलकडे पाहिलं, तर तेजलच आजीला विचारत होती,

"हे काय बोललीस, आजी? मराठीत सांग ना."