सगळ्यांना उत्तर

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या छापखानावाल्याला शेजारच्या बाकावरचं सगळं ऐकू येत होतं. खुर्च्यांच्या कंपनीतली एक मुलगी आपल्या मामाला रडगाणं सांगत होती.

“तीनशे गिऱ्हाइकांना एकच मेल टाकला, मामा. खुर्चीचं चाक निखळतंय, जपून बसा.”

“मग चांगलंच केलंस की!”

“पत्ते लपवायचे राहिले. तीनशे जणांना तीनशे जणांचे पत्ते दिसले.”

“दिसेनात का! तेवढ्याच ओळखी होतील.”

“झाल्या ना! दोघांनी आपापल्या जुन्या खुर्च्या परस्पर विकायला काढल्या. आणि एक महाभाग सकाळपासून अकरा वेळा ‘माझं नाव काढा’ म्हणतोय. तेही सगळ्यांना!”

“एवढा रिकामटेकडा कोण गं?”

“कोण जाणे. पण त्याच्यामुळेच साहेब भडकलेत. मला ठेवायचं की काढायचं, ते चार वाजता ठरवणार.”

छापखानावाल्याने फोनवर अर्धा लिहिलेला बारावा मेल पुसला आणि दुसराच लिहून पाठवला.

“मामा, तोच! म्हणतोय, ‘चूक कोणाकडूनही होते. मुलीला काढू नका.’”

“बघ, देवमाणूस निघाला!”

“पण हेही सगळ्यांनाच पाठवलंय.”

“साहेबांनाही?”

“साहेबांनाही. थांबा… ‘सहमत.’ ‘सहमत.’ ‘आमचं अख्खं ऑफिस सहमत.’ मामा, थांबतच नाहीयेत! अगंबाई, साहेबांचाही आला.”

“काय म्हणतायत?”

“‘मुलगी राहील. आता कृपा करून माझं नाव काढा.’”